बऱ्या दिवशी किती काम करायचं? (दीर्घ आजार आणि रोजची ताकद)

हळदीचं_पान

मंडळी, दीर्घ आजारांवर इथे बरेच धागे आहेत, पण ते बहुतेक औषधं, डॉक्टर आणि पथ्यपाणी यांवर. मला दुसरंच विचारायचं आहे. रोज अंगात जेवढी ताकद असते तेवढ्यात तुम्ही दिवस कसा बसवता?

आधी माझं सांगते. मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा संधिवात) आहे, दहाएक वर्षं झाली असतील. ठाण्यात राहते, नोकरी करते, आठवड्यातले काही दिवस घरून. घरी नवरा, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई. सुजलेली बोटं दिसतात, त्यामुळे सांध्यांचं दुखणं लोकांना पटतं. थकवा पटत नाही. खरं तर तो याच आजाराचा भाग आहे. शरीर स्वतःवरच उलटतं तेव्हा सूज आणणारी जी रसायनं तयार होतात, ती थकवाही आणतात. वर हिमोग्लोबिन कमी, रात्री दुखण्याने झोपमोड. रविवारी दुपारी ताणून दिली की जाणारा हा थकवा नव्हे.

माझी सकाळ म्हणजे आनंदच असतो. सांधे मोकळे व्हायला तास-दीड तास जातो आणि घरातली सगळी धावपळ नेमकी त्याच वेळात. म्हणून मी सकाळच रिकामी केली. भाजी आदल्या संध्याकाळी चिरून डब्यात. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. मुलीचा युनिफॉर्म रात्रीच खुर्चीवर. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे आंघोळ संध्याकाळी. गरम पाणी, उभं राहणं, हात वर करून केस धुणं, मग अंग पुसून कपडे घालणं, एवढ्याने मी ऑफिसला निघायच्या आधीच संपायचे. यावर आमच्याकडे जे महाभारत झालं ते आंघोळीच्या वेळेवरून नाही, पारोशाने ओट्याशी जाण्यावरून! शेवटी तोडगा निघाला. हातपाय-तोंड धुऊन मी ओट्याशी, देवाचं सगळं सासूबाईंकडे. त्यांनाही ते मनातून आवडलंय असा माझा संशय आहे.

दुसरं गोळीचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते (नव्याने सुरू झालेल्यांनी हे नीट लक्षात ठेवा, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं). दुसऱ्या दिवशी मळमळ आणि अंगात अजिबात त्राण नाही, असं माझं होतं. आधी मी ती रविवारी घ्यायचे, म्हणजे सोमवार ऑफिसात मेल्यासारखा. डॉक्टरांना विचारून वार बदलून घेतला. आता शुक्रवारी रात्री गोळी, शनिवार गेला तर गेला, रविवार घरच्यांचा.

एवढं जमलं. जमत नाही ते पुढचं. मधूनच एखादा दिवस असा उगवतो की बोटं वळतायत, डोकं हलकं आहे, काहीच दुखत नाही. मग मी माळ्यावरची भांडी काढते, पडदे धुवायला टाकते, राहिलेली बँकेची कामं करते, संध्याकाळी मैत्रिणीकडेही जाऊन येते. त्यापुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात. वाईट दिवशी काय करायचं ते मला कळतं, कारण तेव्हा काही करताच येत नाही. बऱ्या दिवशी थांबायचं कसं? तुम्ही काय करता ते लिहा. औषधांचे सल्ले नकोत, ते डॉक्टर देतात.

रानभेंडी

पारोशाचं वाचून हसले आणि मग रडूच आलं. आमच्याकडे तोडगा अजून निघालेला नाही. वाचतेय.

ओंकार_नागपूर

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवरचं आवरण जागोजागी झिजतं, संदेश अडखळत जातात. माझ्या ताकदीचा हिशोब घड्याळापेक्षा तापमानावर चालतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने चढलं तरी नजर धूसर होते, पाय जड होतात. उटहॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९० मध्ये हे नोंदवून ठेवलंय. अंग थंड झालं की बहुतेक वेळा पूर्ववत होतं, म्हणजे आजार वाढलेला नसतो. हे कळेपर्यंत दर वेळी वाटायचं, संपलं आता.

नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत हे काय असतं ते इथल्यांना सांगायला नको. बाहेरची कामं सकाळी साडेसातच्या आत, नाहीतर दिवे लागल्यावर. दुपारी कूलरसमोर, मानेवर ओला दुपट्टा. दुपारची लग्नं बंद केली. नातेवाईक रुसले. रुसू देत. मी रिसेप्शनला जातो, आहेर देतो, खुर्चीवर बसतो, निघतो.

तुमच्या प्रश्नावर: बरं वाटलं की मी त्या दिवशी एकच जादा काम करतो. कोणतं ते आदल्या रात्री ठरलेलं असतं. सकाळी उत्साहात ठरवायचं नाही, कारण सकाळच्या मला दुपारचा मी दिसत नाही.

सदा_प्रसन्न

ताई, राग मानू नका, पण थकवा निम्मा मनाचा असतो. पहाटे पाचला उठा, अर्धा तास प्राणायाम, मग पाऊण तास भरभर चालणं. रोज थोडं वाढवत न्या. माझ्या साडूंना असाच त्रास होता, सहा महिन्यांत ठणठणीत. आजाराचा जास्त विचार केला की तो वाढतो.

थेम्सकाठची_माधुरी

सदा, तुमचा हेतू चांगला आहे पण हा सल्ला सरसकट देऊ नका, मी त्यातून गेले आहे. मला एमई म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे, एका विषाणूजन्य तापानंतर सुरू झालेला. इकडे ब्रिटनमध्ये २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत नेमकं हेच होतं, ठरवून दिलेला आणि हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम. कित्येक रुग्णांनी सांगितलं की याने आम्ही आणखी खचलो. शेवटी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाइस या संस्थेने नव्या सूचना काढल्या आणि एमईसाठी असा चढता व्यायाम देऊ नये असं स्पष्ट लिहिलं.

या आजारात झेपेल त्याच्या पुढे गेलं की शरीर लगेच कुरकुरत नाही. त्या संध्याकाळी छान वाटतं. दणका बसतो दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, आणि तो आठवडाभरही पुरतो. त्यामुळे 'दमलो की थांबू' हा नियम इथे कुचकामी आहे. दमल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी दमायच्या आधी, घड्याळ लावून थांबते. मनगटावरचं घड्याळ नाडी ठरावीक आकड्याच्या वर गेली की थरथरतं, मग हातातलं काम अर्धवट ठेवून मी बसते. कपडे अर्धे वाळत घातलेले, अर्धे बादलीत. शेजारीण काय म्हणते त्याची सवय झाली.

आणि डोक्याचं कामही कामच. फॉर्म भरणं, तासभर फोन, भांडण, सगळं त्याच खात्यातून जातं. आईचा व्हिडिओ कॉलसुद्धा. हे आईला कसं सांगणार?

हळदीचं_पान

माधुरी, 'दमायच्या आधी थांबायचं' हे लिहून घेतलं.

पण इथे एक फरक सांगायला हवा, नाहीतर माझ्यासारखं कुणी तुमचं वाचून अंथरूण धरेल. ऱ्हुमॅटॉइडमध्ये उलटं आहे. हालचाल बंद केली की स्नायू सुटतात, सांधे आखडतात आणि थकवा वाढतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या युलार या संघटनेच्या २०२३ च्या शिफारशींत थकव्यासाठी आपल्याला झेपेल असा नियमित व्यायाम मुद्दाम सांगितलाय. म्हणजे मी रोज थोडं चालायलाच हवं, आणि माधुरीला तेच घातक. एकाच थकव्याला दोन आजारांत दोन उलटे नियम. म्हणून आपलं निदान काय आहे ते आधी नक्की करून घ्या, मगच दुसऱ्याचं वेळापत्रक उचला. (सूज भडकलेली असताना मीही चालत नाही, तेव्हा फक्त सांधे हळूहळू वळवून बघणं.)

सदा, साडूंना नक्की कोणता आजार होता?

सदा_प्रसन्न

व्हिटॅमिन डी आणि बी१२ कमी होतं असं आठवतंय. इंजेक्शनंही घेतली होती.

बिनसाखरेचा_चहा

वा सदा, म्हणजे साडू इंजेक्शनांनी उठले आणि श्रेय गेलं प्राणायामाला! :)

विनोद सोडा, पण मुद्दा महत्त्वाचा आहे. दीर्घ आजार असला की प्रत्येक थकव्याचं बिल त्याच्याच नावावर फाडायची सवय लागते, आपल्याला आणि कधीकधी डॉक्टरांनाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, बी१२, डी हे अधूनमधून बघून घ्यावं. मी डायबेटिसवाला. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं, आणि आम्ही शाकाहारी, म्हणजे आधीच तोळामासा. शिवाय घोरणं. झोपेत श्वास अडकत असेल तर आठ तास झोपूनही माणूस शिळाच उठतो. बायको बाजूच्या खोलीत झोपायला गेली तेव्हा आमच्याकडे त्याची तपासणी झाली. यातून जेवढी ताकद परत मिळेल तेवढी आधी मिळवा, उरलेल्याचं वेळापत्रक नंतर करा.

अर्धा_कप

मी रुग्ण नाही, नवरा आहे. बायकोला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याची सूज. वाईट काळात दिवसातून किती वेळा बाथरूम, त्याची गणतीच नाही.

मी पूर्वी दिवसभर विचारायचो, "काय करू? काही मदत हवीय का? जेवायला काय करू?" मला वाटायचं मी फार समजूतदार. एकदा ती म्हणाली, "तू विचारतोस ना, की मला आधी विचार करावा लागतो, मग तुला सांगावं लागतं, मग तू डाळीचा डबा कुठाय विचारतोस. त्यापेक्षा मीच केलं असतं." तेव्हापासून काही कामं पूर्णच माझी. रात्रीचं जेवण माझं, म्हणजे काय करायचं हे ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. विचारायचं नाही. मुगाची खिचडी आठवड्यात तीनदा झाली तर झाली.

आणखी एक. तिच्या भावाबहिणींचे, मित्रमंडळींचे 'आता बरं आहे का?' हे फोन मी घेतो. प्रत्येकाला नव्याने सगळं सांगण्यात तिची संध्याकाळ जायची. आता कुटुंबाच्या ग्रुपवर मी अधूनमधून चार ओळी टाकतो. काहींना ते कोरडं वाटतं, पण इलाज नाही.

रानभेंडी

अर्धा_कप, हा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, "डाळीचा डबा खरंच कुठाय?"

कुंदाकाकू

मी सत्तरीची आहे, आणि मी सासू आहे, त्यामुळे आधीच सांगते, चपला तयार ठेवा.

सुनेला लुपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. पहिली काही वर्षं मी पण म्हणायची की आमच्या वेळी असं नव्हतं. होतं हो. माझी थोरली जाऊ सतत पडून असायची, तिला आळशी म्हणत सगळे. तिला काय होतं ते कुणी कधी शोधलंच नाही.

आमच्याकडे गौरी उभ्या असतात. सोळा भाज्या, पुरण, पाच कोशिंबिरी, सवाष्ण, संध्याकाळी हळदीकुंकू. सून तीन दिवस हसतमुखाने करायची आणि विसर्जनानंतर तिचा आजार उफाळायचा, दर वर्षी. त्यात गौरी आणायला, बाजारहाटाला उन्हात फिरायची, आणि लुपसच्या माणसाला ऊन हे विषच. डॉक्टरीणबाईंनी मलाच समोर बसवून सांगितलं.

आता पुरणपोळ्या विकतच्या. सोळा भाज्यांची एकच मिसळीची भाजी, ती तर आपल्या परंपरेतलीच आहे, नवीन काही नाही. हळदीकुंकवाची वेळ ठेवलीय पाच ते साडेसहा. सून खुर्चीत बसून कुंकू लावते, वाकायला मी आणि नात. एक पाहुणी म्हणालीच, "बसून?" म्हटलं, "हो, बसून. गौरीसुद्धा आमच्याकडे उभ्या आहेत म्हणून, नाहीतर त्याही बसल्या असत्या."

हळदीच्या पाना, तुझ्या सासूबाईंशी माझं बोलणं करून दे. आणि बऱ्या दिवशी थांबायचं कसं म्हणतेस, तर घरातल्या एका माणसाला तो अधिकार देऊन टाक. मी सुनेच्या हातातून झाडू काढून घेते. ती चिडते. चिडू दे.

हळदीचं_पान

काकू, दंडवत. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "यांचा नंबर घे." पण झाडू काढून घेण्याचा अधिकार त्यांना दिला तर मला घरात काहीच करू देणार नाहीत, म्हणून तो मुलीला द्यायचा विचार आहे. ती निर्दय आहे.

मध्य_रेल्वे_ग्रस्त

प्रवासावर कुणी बोललंच नाही. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा संधिवात) आहे, रोजचा प्रवास कल्याण ते दादर. दिवसाची निम्मी ताकद लोकलमध्येच जाते. साहेबांशी बोलून सकाळी अकराची वेळ मागून घेतली, संध्याकाळी उशिरापर्यंत थांबतो. पगार वाढवून मागण्यापेक्षा हे कठीण गेलं.

दिव्यांगांच्या डब्यातून जातो, प्रमाणपत्र आहे. पण तरणाताठा माणूस दिसतो, त्यामुळे रोज कुणीतरी खालपासून वरपर्यंत बघतंच. एकाने कार्ड मागितलं, दाखवलं, तरी म्हणाला, "दिसत तर नाही काही." आता कार्ड गळ्यातच अडकवतो. वाद घालायलाही ताकद लागते, ती मी कणा ताठ ठेवायला वापरतो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ओंकार, तुमचा मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नावानिशी आहे. आमच्यासारख्यांचं अपंगत्व सांध्यांच्या हालचालीवर मोजतात. बऱ्याचशा सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. थकवा मात्र कुठल्याच टक्केवारीत बसत नाही.

ओंकार_नागपूर

माझ्याकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. काढताना ज्या रांगेत उभं राहावं लागलं, त्यातच अपंगत्वाची परीक्षा झाली. बरोबर माणूस आणि घडीची खुर्ची घेऊन जा, एवढंच सांगतो.

तिन्हीसांजा

इतके प्रतिसाद आले आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टचं नाव कुणी घेतलं नाही! मी त्याच क्षेत्रातली, म्हणून लिहिते. फिजिओथेरपी सगळ्यांना माहीत असते. आमचं काम वेगळं. तुमची रोजची कामं घ्यायची, त्यांचे तुकडे करायचे आणि कुठे ताकद फुकट जातेय ते शोधायचं. हे मुंबईला नवीन नाही. आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा इथल्या केईएम रुग्णालयात १९५० साली निघाली. काढणाऱ्या कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्नाने निंबकर. सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो, तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या.

घरी करण्यासारखं थोडं सांगते. उभं राहून केलेल्या कामापेक्षा बसून केलेल्या कामाला कमी ताकद लागते, म्हणून भाजी, पोळ्या, इस्त्री सगळं बसून. हात खांद्याच्या वर जाईल असं रोजचं काहीही ठेवू नका. रोजचा कुकर आणि चहाचं भांडं कमरेच्या उंचीवर. भरलेलं भांडं उचलू नका, ओट्यावरून सरकवा. कढई दोन्ही तळव्यांवर धरा, बोटांच्या चिमटीत नाही. विळी सोडा, खाली बसून उठण्यातच ताकद जाते. नळ चावीचे असतील तर लांब दांड्याचे बसवून घ्या, प्लंबरचं तासाभराचं काम. बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची, आणि आंघोळीनंतर अंग पुसत बसण्यापेक्षा टॉवेलचा गाऊन घालून दहा मिनिटं पडा, अंग आपोआप कोरडं होतं.

बऱ्या दिवसाबद्दल: माझ्या पेशंटना मी दोन आठवडे वही लिहायला लावते. काय केलं, किती वेळ, आणि दुसऱ्या दिवशी कसं वाटलं. मग सहसा दिसतं की वाईट दिवस आभाळातून पडत नाहीत, त्यांच्या आदल्या दिवशी काहीतरी असतंच. त्यावरून तुम्ही रोज करू शकाल एवढं काम ठरवायचं, वाईट दिवशीसुद्धा जवळपास जमेल इतकं कमी. सुरुवातीला ते लाजिरवाणं कमी वाटतं. बऱ्या दिवशी त्यावर थोडंच चढवायचं. ओंकार यांचं 'एकच जादा काम, आदल्या रात्री ठरवलेलं' हे उत्तम आहे, मी उचलते आहे.

थेम्सकाठची_माधुरी

वहीला +१. फक्त ती लिहिण्यातही ताकद जाते हे लक्षात ठेवा. मी नुसते रंग भरते, हिरवा-पिवळा-लाल.

जोगेश्वरी_पूर्व

हे सगळं वाचून एक विचारायचंय. स्टेरॉइड सुरू असताना कसं धरायचं? मला ती गोळी चालू असली की रात्री दोनपर्यंत कपाट आवरावंसं वाटतं.

हळदीचं_पान

ती ताकद तुमची नाही, गोळीची आहे. झोप उडवते म्हणून ती सहसा सकाळी, खाऊन घ्यायला सांगतात, तेवढं डॉक्टरांना विचारून बघा. आणि मनाने एकदम बंद करू नका, डोस उतरवत आणतात. त्या दिवसांत मी वहीत आधी लिहिलेलं तेवढंच करते, कपाट तसंच राहतं.

तिन्हीसांजा, ओट्याशी बसायला म्हणालात, पण साध्या खुर्चीवर बसलं की ओटा माझ्या हनुवटीला येतो. काय करू?

तिन्हीसांजा

उंच स्टूल घ्या, पाठ टेकायला असलेलं आणि पायाला आडवी दांडी असलेलं. ओटा ३४ इंचांचा असेल तर बैठक २४ इंचांच्या आसपास. चाकांचं घेऊ नका, ओल्या फरशीवर सरकतं. खालचं कपाट गुडघ्यांना आडवं येत असेल तर तिथलं एक दार काढून टाका.

हळदीचं_पान

दार काढलं तर आतला पसारा सगळ्यांना दिसेल.

कुंदाकाकू

पडदा लाव.